वेगळ्या ताटाचा धर्म

‘देवाचा प्रसाद आहे, एवढ्याशानं काही होत नाही.’ हे वाक्य मराठी घरांत प्रेमानंच म्हटलं जातं. म्हणणाऱ्याच्या मनात आशीर्वादाखेरीज दुसरं काही नसतं. पण ज्या घरात वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची, दुधाची, तिळाची किंवा काजूची तीव्र अ‍ॅलर्जी असल्याचं नुकतंच निदान झालं आहे, त्या घराला हेच वाक्य दर पूजेला, दर बारशाला, गणपतीच्या दर आरतीनंतर ऐकावं लागतं. तिथून जो प्रश्न उभा राहतो तो फक्त वैद्यकाचा नाही. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या, ताटाला नमस्कार करून जेवायला बसणाऱ्या समाजात एखाद्या लेकरानं प्रसाद नाकारला, किंवा त्याच्या वतीनं आईनं नाकारला, तर त्यात अन्नाचा, देणाऱ्याचा, देवाचा अवमान होतो का? बहुतेक आईबाप याचं उत्तर संकोचानं देतात. मुलाला बाजूला नेतात, हातात आलेला पेढा हळूच रुमालात गुंडाळतात, ‘नंतर देते’ म्हणून वेळ मारून नेतात. आपण डॉक्टरांचं ऐकलं, पण धर्मात कुठेतरी कमी पडलो, ही टोचणी मनात राहून जाते. माझं म्हणणं असं, की या टोचणीला धर्मातच आधार सापडत नाही. अशा मुलाला तो पदार्थ न देणं ही आजाऱ्याला मिळालेली सवलत आहे असंही मी मानत नाही. ते धर्माचं सरळ पालन आहे, आणि अन्नाला जो पवित्र मानतो त्याच्यावर त्याचा भार इतरांपेक्षा अधिक आहे.

आधी शरीरात काय होतं ते नीट पाहायला हवं, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. दूध न पचून पोट बिघडणं वेगळं आणि दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. अ‍ॅलर्जीत शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार ठेवते. पुढच्या वेळी ते प्रथिन पोटात गेलं, की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, लक्षणं दिसू लागतात. ओठांभोवती आणि पाठीवर गांधी उठतात, पापण्या सुजतात, मूल ओकतं, त्याचा आवाज घोगरा होतो, खोकला थांबत नाही, श्वासात घरघर ऐकू येते. काही वेळा रक्तदाब इतका उतरतो, की मूल मान टाकतं. यालाच अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. आपल्याकडे अंगावर गांधी दिसल्या की ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी चोळतात. श्वासाला त्रास होऊ लागलेल्या मुलाच्या बाबतीत त्यात मोलाची मिनिटं जातात. तिथे मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन आणि तडक रुग्णालय, एवढाच उपाय आहे. हे इंजेक्शन देणारी तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, आणि गावातल्या पूजेला आलेल्यांपैकी कुणाच्या पिशवीत ते असेल अशी आशाच नको. मात्रेचंही तसंच. एका शेंगदाण्यात साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम प्रथिन असतं, आणि फार संवेदनशील मुलांना त्यातले काही मिलिग्रॅमही पुरतात. म्हणजे ‘चिमूटभर’ हे माप आपल्याला क्षुल्लक वाटत असलं, तरी त्या मुलाच्या शरीराच्या लेखी ते भरपूर आहे.

हे सगळं मनाचे खेळ आहेत, आईनं धास्ती घेतली म्हणून मूलही घाबरतं, असं पुष्कळांना वाटतं. त्याला शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगानं उत्तर दिलेलं आहे. 1921 साली जर्मनीत ब्रेस्लाऊ इथे कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी तो केला. क्यूस्टनरना मासे खाल्ले की त्रास व्हायचा, प्राउस्निट्झना तो होत नसे. क्यूस्टनर यांच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, काढून प्राउस्निट्झ यांच्या कातडीत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली. ज्या माणसाला माशाचं काहीच वावडं नव्हतं, त्याच्या कातडीच्या तेवढ्याच भागाला ते जडलं. भीती, श्रद्धा, लाड, हट्ट यांपैकी काहीही सुईतून एका माणसातून दुसऱ्यात जात नाही. जे गेलं ते रक्तातलं द्रव्य होतं. पुढे 1960च्या दशकात इशिझाका या संशोधक दांपत्यानं आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे ते हुडकून काढलं, आणि आज आपण त्याला आयजीई म्हणतो. दोन वर्षांच्या मुलाला देव म्हणजे काय आणि प्रसाद म्हणजे काय हे कळायच्या आधीच त्याचं रक्त उत्तर देऊन मोकळं होतं. त्याच्या नकारात उद्धटपणा शोधणं म्हणूनच चूक आहे.

मग नैवेद्य दाखवल्यानं त्या पदार्थात काय बदलतं? श्रद्धावान माणूस म्हणेल, सगळंच बदलतं, आणि त्याच्या अर्थानं ते खरंही आहे. कालपर्यंत तो रवा, साखर, तूप, केळं होतं. आज तो प्रसाद आहे. तो खाली सांडू देत नाहीत, उष्टा टाकत नाहीत, उजव्या हातात घेतात. पण हा बदल आपण आणि देव यांच्यातल्या नात्याचा असतो. रवा रवाच राहतो, दुधातलं केसीन हे प्रथिन केसीनच राहतं. आटवून पेढा केल्यानं ते जात नाही, तसं मंत्रानंही जात नाही. ही गोष्ट धर्माच्या बाहेरून कुणी सांगावी लागत नाही. पवित्र झालेल्या अन्नाविषयी कॅथलिक पंथाइतका कठोर सिद्धान्त दुसरीकडे क्वचितच असेल. मिस्सा या उपासनाविधीत अर्पण केलेल्या भाकरीचं सत्त्व बदलून ती ख्रिस्ताचं शरीर होते, असं तो पंथ मानतो. पण त्याच सिद्धान्तात भाकरीचे बाह्य गुणधर्म तसेच राहतात असंही स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणून गव्हातलं ग्लूटेन ज्यांना चालत नाही अशा सीलियाक रुग्णांचा प्रश्न चर्चला घ्यावाच लागला. हा आजार अ‍ॅलर्जीहून निराळा आहे, पण धर्मापुढचा पेच तोच. ग्लूटेन पूर्ण काढलेली भाकरी विधीला चालणार नाही, मात्र अगदी अल्प ग्लूटेन असलेली चालेल, आणि तीही सोसत नसेल त्यानं केवळ द्राक्षारस घेतला तरी त्याला संपूर्ण ख्रिस्त लाभतो, असा निर्णय 2003 साली व्हॅटिकनच्या पत्रात झाला आणि 2017 मध्ये त्याचा पुनरुच्चार झाला. गोव्यातल्या आणि वसईतल्या चर्चलाही तोच लागू आहे. या निर्णयात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की श्रद्धेनं गहू निरुपद्रवी होतो असा दावा तिथे कुणी केला नाही. आपल्या उपनिषदांनीही अन्नाकडे डोळे मिटून पाहिलेलं नाही. अन्नाची निंदा करू नये असं सांगणारं तैत्तिरीय उपनिषदच हेही सांगतं, की प्राणी अन्न खातात आणि अन्नही प्राण्यांना खातं. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्या ऋषीला त्याचं हे दुसरं रूप ठाऊक होतं.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही, कारण तो घरोघरी ऐकलेल्या पोथीतून येतो. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेता धावत नवऱ्याला भेटायला जाते आणि त्याची नाव बुडते. राजा तुंगध्वज गवळ्यांनी दिलेला प्रसाद तसाच ठेवून निघून जातो आणि त्याचे पुत्र, धनधान्य, सारं नष्ट होतं. लहानपणापासून ही कथा ऐकलेल्या आजीला नातवानं शिरा नाकारला की धडकी भरते. ती धडकी खरी असते, तिची थट्टा करू नये. पण पोथी नीट वाचली तर दोष कुठे ठेवला आहे ते दिसतं. राजाला गर्व होता. रानात पूजा मांडून बसलेल्या गवळ्यांजवळ तो गेला नाही, त्यानं नमस्कार केला नाही, त्यांच्या हातचं त्यानं तुच्छतेनं सोडलं. कलावतीला नवऱ्याच्या ओढीनं पूजेचं भान राहिलं नाही. दोघांनाही प्रसाद खाता येत होता आणि दोघांनी त्याची किंमत ठेवली नाही. ज्याला खाताच येत नाही असं एकही पात्र त्या कथेत नाही, म्हणून त्याला शिक्षाही नाही. याहून बोलकी गोष्ट त्याच पोथीत नैवेद्याच्या विधीत आहे. केळी, तूप, दूध आणि गव्हाचं पीठ सव्वा मापानं घ्यावं असं सांगून झाल्यावर लगेच म्हटलं आहे, की गहू नसेल तर तांदळाचं पीठ घ्यावं, साखर नसेल तर गूळ. सव्वा हे माप पक्कं, जिन्नस मात्र बदलता येतात. घरात गहू नाही एवढ्या कारणानं पोथी पीठ बदलू देते. घरातल्या मुलाला गहू सोसत नाही हे कारण त्याहून हलकं कसं ठरेल?

धर्मशास्त्राच्या मोठ्या परंपरेतही शरीराची अशक्यता हे नेहमीच वैध कारण राहिलं आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी 1790च्या सुमाराला रचलेल्या ‘धर्मसिंधू’त एकादशीच्या उपवासाचा अधिकार आठ वर्षांवरच्यांना आणि ऐंशीच्या आतल्यांना सांगितला आहे, म्हणजे लहान मूल त्या नियमाच्या बाहेरच. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असं धर्मग्रंथ सांगतात, त्यांत औषधही मोजलेलं आहे. छांदोग्य उपनिषदात दुष्काळात सापडलेला उषस्ति चाक्रायण हत्ती राखणाऱ्याचं उष्टं कडधान्य मागून खातो, कारण न खाल्लं तर प्राण जाणार होते. पण त्याचंच उष्टं पाणी तो घेत नाही, कारण पाणी इतरत्र मिळत होतं. नियम कुठे सोडायचा आणि कुठे पुन्हा धरायचा, याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. जीव वाचवण्यापुरतं आणि तेवढंच. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचे आईबाप याहून वेगळं काही मागत नाहीत. मुलानं हात जोडू नयेत, आरतीला उभं राहू नये, फूल घेऊ नये, असं कुठे कोण म्हणतं? एक पदार्थ तोंडात जाऊ नये, इतकंच.

‘श्रद्धा असेल तर विषही पचतं’ हा दुसरा आक्षेप. हलाहल पिणारा शंकर आणि विषाचा प्याला पिणारी मीरा यांचा दाखला त्याबरोबर येतो. मीरेची कथा मानणाऱ्यानं ती पूर्ण मानावी. त्या कथेत प्याला ओठांना लावते ती स्वतः मीरा, स्वतःच्या भक्तीच्या बळावर. तो प्याला पाठवणारा राणा भक्त नाही, अपराधी आहे. आपल्या श्रद्धेची परीक्षा आपल्या शरीरावर घ्यायला कुणाचीच हरकत नसावी. दुसऱ्याच्या, त्यातही बोलता न येणाऱ्या लेकराच्या शरीरावर ती घेण्याचा अधिकार मात्र कुठल्याही संतानं कुणाला दिलेला नाही. आणि आपल्या समाजाला नकार समजत नाही असंही नाही. कुणी काशीला जाऊन आवडता पदार्थ सोडून आला, तर आयुष्यभर आपण त्याच्या ताटात तो वाढत नाही. ‘आज माझा उपास आहे’ म्हटलं की यजमान लगेच दुसरं काही करायला उठतो. जैन पाहुणा येणार असेल तर कांदा-लसूण वगळून सगळा स्वयंपाक होतो, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. व्रतानं दिलेला नकार आपण आदरानं घेतो, आणि शरीरानं दिलेल्या नकारावर शंका घेतो. मनानं धरलेला नियम सोडता येतो, शरीराचा सोडता येत नाही. मग आदर कुणाला जास्त हवा?

आता ज्या मुद्द्यावर मला स्वतःला सर्वांत जास्त विचार करावा लागला, त्याकडे येतो. वेगळं ताट ही आपल्या समाजातली साधी गोष्ट नाही. जातीची पंगत वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं, विटाळशीचं ताट वेगळं, विधवेला शुभकार्यातल्या पंक्तीत जागा नाही, हे सगळं इथे घडलेलं आहे. 1927 साली महाडला सार्वजनिक तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला. म्हणूनच वारकऱ्यांच्या काल्याला, गुरुद्वारातल्या लंगरला इतका अर्थ आहे: सगळ्यांची शिदोरी एकत्र कालवायची आणि सगळ्यांनी एकाच हाताचं खायचं. ज्या समाजानं इतक्या कष्टानं एक पंगत मिळवली, त्यानं पुन्हा एका मुलाला वेगळं ताट द्यायचं? हा आक्षेप मला मनापासून खरा वाटतो, आणि म्हणून त्याचं उत्तर घाईत देता येत नाही. पाहायचं ते हे, की वेगळेपण कुणाला कुणापासून वाचवतं. जुन्या वेगळ्या ताटामागची समजूत अशी, की त्या माणसाच्या स्पर्शानं अन्न आणि पंगत बाटते. तिथे पंगतीला माणसापासून वाचवलं जात होतं, आणि बाहेर बसणाऱ्याला कमी लेखलं जात होतं. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या वेगळ्या ताटात पंगतीतल्या एका पदार्थापासून माणसाला वाचवलं जातं. त्या मुलाच्या स्पर्शानं काहीही बाटत नाही. उलट आपल्या हाताला लागलेलं दाण्याचं कूट त्याला बाधू शकतं, म्हणून हात आपण धुवायचे असतात. दोन्हीकडे ताट वेगळंच दिसतं, पण त्यांचा अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहे. आणि जिथे जमेल तिथे याहूनही पुढे जाता येतं: सगळ्या पंगतीचा बेतच असा करायचा, की ते मूल शेजारच्यासारखंच ताट घेऊन त्याच ओळीत बसेल. काल्याचा हेतू समता हा असेल, तर ज्याला सर्वांत कमी सोसतं त्याच्या मापानं बेत ठरवणं हे काल्याच्या हेतूला धरूनच आहे.

बेत बदलला तर परंपरा मोडते, असं म्हणणाऱ्यांनी आपलं उपवासाचं ताट जरा निरखून पाहावं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय जहाजांमागोमाग ते इकडे आलं. ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीत किंवा पैठणला एकादशी केली जात होती, पण साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी तिथे असणं शक्यच नव्हतं. नवे जिन्नस आले, लोकांनी ते उपवासाला चालतात असं ठरवलं, आणि एकादशी एकादशीच राहिली. जी परंपरा शेंगदाण्याला आत घेताना मोडली नाही, ती एका घरात त्याला बाहेर ठेवताना मोडेल असं मानायला काही कारण नाही. खिचडीत कुटाऐवजी ओलं खोबरं घातलं तर व्रत तेवढंच राहतं, अर्थात त्या मुलाला खोबरं चालत असेल तर.

निदान झालं, की काही दिवसांत एक वेगळाच प्रश्न घरात शिरतो, आणि तो पहिल्यापेक्षा क्रूर असतो. आमच्याच मुलाला का? कुणाच्या हातून काय घडलं? शेजारीपाजारी, कधी घरातलेच, आईला विचारतात, गरोदरपणी काय खाल्लंस? कुणी मागच्या जन्मावर बोट ठेवतं, कुणी कुलदेवतेचं राहून गेलेलं काहीतरी आठवतं. या हिशेबात तथ्य किती हे पाहायचं, तर याच प्रश्नावर वैद्यकाचं काय चाललं होतं ते पाहावं. 2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला दिला होता, की ज्या बाळांना अ‍ॅलर्जीचा धोका जास्त, त्यांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा देऊ नये. 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. 2015 मध्ये लंडनच्या गिडिअन लॅक यांच्या गटानं धोका जास्त असलेल्या 640 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून ज्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 3 टक्के निघाली, आणि ज्यांना तो कटाक्षानं दिला नाही त्यांच्यात सुमारे 17 टक्के. म्हणजे ज्या आया डॉक्टरांचं ऐकून काटेकोर वागल्या, त्यांनीच नकळत धोका वाढवला असण्याची शक्यता होती, आणि तरी ज्यांनी सगळं बरोबर केलं त्यांच्यातल्या काही मुलांनाही अ‍ॅलर्जी झालीच. जिथे तज्ज्ञांना कार्यकारण कळायला पंधरा वर्षं लागली, तिथे मागच्या जन्माच्या हिशेबाची खात्री कुणी कशी द्यावी? कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. तो सिद्धान्त फार तर असं म्हणतो, की कारण असतं. ते कारण शेजारणीला दिसतं, असं तो म्हणत नाही. सगळं दुःख पूर्वकर्मातूनच येतं हे मत खुद्द बुद्धानं सीवक नावाच्या परिव्राजकाशी बोलताना नाकारलं होतं. पित्त, कफ, वात, ऋतू अशी इतर कारणं त्यानं मोजून दाखवली होती. आणि पाय मोडणं हे प्रारब्ध आहे असं मानणारा माणूससुद्धा प्लास्टर घालून घेतोच. मुलाच्या आजाराला नैतिक अपराधाचा रंग दिला, की आई अन्नाचा डबा तपासायचं सोडून स्वतःलाच तपासत बसते, आणि त्यात धोका मुलाला असतो.

उलट बाजूनंही एक आक्षेप आहे आणि त्यात खरेपणा आहे. हल्ली ज्याला त्याला अ‍ॅलर्जी असते, असं लोक म्हणतात. कर्नाटकात प्रौढांच्या केलेल्या मोठ्या पाहणीत जवळजवळ 26 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई सापडली, पण खरोखरची अ‍ॅलर्जी संभवते असे लोक सुमारे 1.2 टक्केच निघाले. रक्ताच्या एका तपासणीवरून दहा पदार्थ बंद करणं म्हणूनच चूक आहे. ते मुलावर अन्याय करणं आहे, कारण अन्न तोडणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही, आणि अन्नाचा आदर करणाऱ्यानं ते उगाच तोडू नये. खात्रीचं निदान इतिहास, तपासण्या आणि गरज असेल तर रुग्णालयात डॉक्टरांसमोर मोजून खाऊ घालण्याच्या चाचणीनं होतं. आईबापांचं कर्तव्य इथे आहे: सत्य शोधणं, आणि आवडनिवड अ‍ॅलर्जीच्या नावाखाली न लपवणं. पण याचा अर्थ आजीनं किंवा काकूनं गुपचूप चारून खात्री करून घ्यावी असा होत नाही. ‘थोडं थोडं देऊन सवय लावावी’ या म्हणण्याला लॅक यांच्या अभ्यासाचा आधार आहे असं वाटू शकेल, म्हणून स्पष्ट केलं पाहिजे, की तो अभ्यास अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून काय करावं याचा होता. एकदा ती झाली, की मोजक्या मात्रेनं सवय लावण्याचे उपचार आहेत, पण ते मिलिग्रॅमच्या हिशेबानं, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि इंजेक्शन हाताशी ठेवून होतात. देवघरात चिमटीनं होत नाहीत.

मग धर्माची जबाबदारी नेमकी कुणाची? आपल्याकडे घेणाऱ्यानं कसं घ्यावं याचेच संस्कार जास्त झाले आहेत: नाही म्हणू नये, ताटात टाकू नये, नावं ठेवू नयेत. देणाऱ्यानं कसं द्यावं याचा विचार मात्र मागे पडला. त्याच तैत्तिरीय उपनिषदात विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला गुरू दानाविषयी सांगतो, की श्रद्धेनं दे, नम्रपणे दे, भीती बाळगून दे, जाणून दे. भीती आणि जाण या दोन अटी देणाऱ्यावर आहेत. आपल्या हातून दिलेल्या गोष्टीनं दुसऱ्याचं काय होईल याची ती भीती, आणि आपण काय देतो आहोत आणि कुणाला, याची ती जाण, असं मी त्यांकडे पाहतो. अन्नदान हे श्रेष्ठ दान असेल, तर ज्याच्या पोटात ते जाणार त्याच्याबद्दल अज्ञानी राहणं हे त्या दानातलंच न्यून आहे. व्यवहारात कायदा या बाबतीत पुढे गेला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या नियमांप्रमाणे पाकीटबंद पदार्थावर शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन, अंडी, मासे, काजूसारखी कवचफळं यांचा उल्लेख करावा लागतो. प्रसादाला मात्र वेष्टन नसतं. पंचखाद्याच्या ताटात खोबरं, खडीसाखर, खारीक, खसखस, मनुका असतात. त्यातच कुणी शेंगदाणे टाकतं, त्याच ताटात पेढे ठेवले जातात, आणि ज्या हातानं तिळगुळाची वडी उचलली त्याच हातानं केळ्याची फोड दिली जाते. ते केळं वरून निर्धोक दिसतं, आणि आईला ते विचारायचीही सोय नसते.

म्हणून माझी विनंती देणाऱ्यांना आहे. सार्वजनिक मंडळांनी आणि देवस्थानांनी प्रसादात काय काय आहे ते फळ्यावर लिहावं. त्याला खर्च नाही. घरच्या पूजेत फुलं, तुळस आणि अख्खी, न चिरलेली फळं वेगळ्या तबकात ठेवावीत. गीतेतल्या देवानं भक्तीनं वाहिलेलं पान, फूल, फळ आणि पाणी पुरेसं मानलं आहे, आणि देवाला वाहिलेलं फूलही प्रसादच आहे. लहान मुलाच्या तळहातावर काहीही ठेवण्याआधी त्याच्या आईबापांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर कारण मागू नका, दुसऱ्यांदा आग्रह करू नका, आणि त्यांच्यामागे चर्चा करू नका. त्या मुलाला फूल द्या.